दुसरं टोक

कोळे-कल्याणच्या गावठाणात,
जिथे विमानं कौलांना विचारल्यासारखी खाली येतात,
तिथल्या चर्चमधला डावीकडचा चौथा बाक.
गुडघे टेकायची फळी एका अंगानं सुटलेली.
जुना साग. माणसांनी त्यात
जोडीजोडीनं खळगे पाडलेले,
पाट्यावर पडतात तसे.

शनिवार दुपार. उद्या फेस्त.
मला फक्त एक भोक हवं होतं, एका सुताचं.

ड्रिल गेलं, गेलं, आणि किंचाळलं.
लाकूड असं किंचाळत नाही.
मी म्हटलं गाठ असेल, आणि जोर लावला.
गाठीवर जोर लावू नये हे मला माहीत आहे.
माहीत असून लावला.
टक्.
हातातलं यंत्र एकदम हलकं होऊन
बेअकलीसारखं फिरत राहिलं.

मुनव्वर म्हणाला, "चाचा, पुट्टी मारून टाक."
मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पक्कड लावली, तर धरायला काही वर नव्हतंच.
ठसका लागलेल्या पोराच्या पाठीत मारतात
तशी फळीच्या पाठीत हातोडी मारली.
काही नाही.
मग फादरच्या दाराआड पडलेली मोडकी छत्री मागून आणली.
तिची दांडी, पोलादी नळी, अडीच सूत जाड.
बोटभर कापली.
तोंडाला कानशीनं चार दात काढले,
ड्रिलमध्ये धरली
आणि मोडक्या बिटाभोवती गोल फिरवत,
बिटाला न शिवता, आत सोडली.
अडकलेल्याला ओढायचं नाही,
त्याच्या भोवतीचं लाकूड सोडवायचं.
हे इनास मेस्त्रीनं शिकवलेलं.

नळीतून सागाची कांडी निघाली,
मधोमध माझं बिट,
पेन्सिलीत शिसं असतं तसं.
भोकात बॅटरी मारली
तर तळाशी आणखी काहीतरी.
चमकत नव्हतं. नुसतं होतं.

गिरमिटाचं टोक.
कमानीनं फिरवायचं, हातानं घडवलेलं, भाल्यासारखं चपटं.
त्याच्यावर मेण, भुसा, पुन्हा मेण.
झाकली मूठ.

हे बाक कुणी केले ते सगळ्या गावाला माहीत आहे.

मी सतरा वर्षांचा असताना
मोडलेल्या बिटावर पुट्टी भरली
म्हणून मेस्त्रीनं कानाखाली काढली होती,
सगळ्या कारखान्यासमोर.
"लाकडाशी खोटं बोलतोस?"
ती चपराक अजून डाव्या कानात आहे.
विमान आलं की वाजते.

मेस्त्री आता चौऱ्याऐंशीचा, विहिरीमागं राहतो.
मुनव्वरनं हाताला धरून आणला.
वाकला. वाकलेलाच राहिला.
मला वाटलं, कंबर धरली.
मग म्हणाला,
"दुसऱ्या दिवशी बिशप येणार होता."

वरून एक विमान गेलं,
आम्ही तिघं ते जाईपर्यंत थांबलो.

"काढू?" मी विचारलं.
त्यानं भोकावर अंगठा ठेवला,
उकळत्या पातेल्यावर झाकण ठेवतात तसा.
"छत्री चांगली वापरलीस."
हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मी नाही काढलं.
दया वगैरे काही नाही.
साडेसहाला गाणारी पोरं तालमीला येणार होती
आणि खाली फळी पातळ होती.
कांडीतलं माझं बिट खिशात टाकलं,
भोकात सागाची खुंटी ठोकली, रेषेला रेष जुळवून,
आणि नवा स्क्रू अर्धा इंच बाजूला घेतला.

अवजारं भरताना पाहिलं,
मेस्त्री खुंटीवरून नख फिरवत होता.
एकदा. पुन्हा एकदा.
लागलं कुठेतरी. केसाएवढं.
"पटाशी फिरव," म्हणाला,
मोठ्यानं, मुनव्वरसमोर.

फिरवली.